गोंगाटाचा नकाशा

मौनीला मूठमाती द्यायची तर ती रीतसर द्यावी, म्हणून मला इचलकरंजीला पाठवण्यात आलं. आमच्या कंपनीत असली कामं माझ्याच वाट्याला यायची. नवा फोन बाजारात आणायचा असला की गोड गळ्याची माणसं पुढे, आणि एखादं केंद्र बंद करायचं असलं की शर्वरी दिवटे. माझ्या जिभेवर साखर नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मौनी म्हणजे बिनआवाजी बोलायचा फोन. त्याच्या आतली सगळी यंत्रणा आमची स्वतःची होती. पुण्याच्या 'अनाहत' कंपनीने ती मोठमोठ्या परदेशी कंपन्यांच्या नाकावर टिच्चून उभी केली होती. कल्पना डॉ. मुबीना काझींची. त्या समजावून सांगायच्या, ते असं: आवाज घशात तयार होतो, पण शब्द घडतात जीभ, ओठ आणि जबड्यात. घसा बंद ठेवून नुसतं तोंड हलवलं तरी तिथले स्नायू ठरल्याप्रमाणे आखडतात आणि त्यांच्यात विजेची अगदी क्षीण थरथर उठते. हनुवटीखाली एक पातळ टिकली चिकटवली की ती थरथर टिपता येते. शिवाय फोनच्या वरच्या कडेत नखाएवढं रडार बसवलं होतं. ते लहरी सोडायचं आणि चेहऱ्यावरून परतलेल्या लहरींवरून कातडीची बारीकशी हालचालही मोजायचं. दोन्हीकडची माहिती पुण्यातल्या आमच्या संगणकांकडे जायची, तिथे तिचे शब्द व्हायचे, आणि समोरच्याला ते ऐकू यायचे किंवा पडद्यावर दिसायचे.

ऐकायला झकास होतं. बाजारात मात्र पार बोऱ्या वाजला. पुण्यात लोकांना ओठ हलवत बसायची लाज वाटली. बंगळुरूतल्या इंजिनियरांनी हौसेने फोन घेतले आणि तितक्याच हौसेने परत केले. दिल्लीत तर आवाज न करता बोलायचंच कशाला, इथूनच सुरुवात होती. खरी गोम वेगळी होती. शहरातला माणूस बोलताना सगळा भार घशावर टाकतो, घसा बंद केला की त्याचे ओठ आळसावतात. टिकली आणि रडार मिळूनही दर तिसरा शब्द चुकायचा. एकाने बायकोला 'उशीर होईल' म्हटलं आणि तिला 'उशी देईन' पोचलं. माणसं नाहीत म्हणून बँका आमच्यासाठी ॲप बनवेनात, आणि बँकांची ॲप नाहीत म्हणून माणसं येईनात.

उरलेला माल विक्रीखात्याने लहान गावांत स्वस्तात फुंकून टाकला. त्यातल्या इचलकरंजीहून एकही फोन परत आला नव्हता.

"लोकांना परत कसे करायचे ते माहीत नसेल," आमचे अध्यक्ष निरंजन वर्टी म्हणाले. वर्टींना बोलताना फिरायची सवय. खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. "गाव तुझंच आहे ना? केंद्र बंद करून ये. वडिलांचीही भेट होईल."

वडिलांची भेट होईल, पण बोलणं होईल का, हे वर्टींना कुठून माहीत असणार!

आप्पांनी सगळा जन्म यंत्रमागांवर जॉबर म्हणून काढला. बिघडलेला माग दुरुस्त करायचा आणि पुढच्या मागाकडे वळायचं. मागांनी त्यांचे कान खाल्ले. आई होती तोवर काही अडलं नाही. मी फोनवर बोलायचे, आई ते ऐकून नुसते ओठ हलवून आप्पांना सांगायची, आणि आप्पांचं उत्तर मला. आई गेली आणि आमच्यामधला फोनच गेला. स्वतःचा आवाज वर्षानुवर्षं कानी न पडल्याने आप्पांचं बोलणं इतकं फाटलं होतं की बोलल्याचं टाइप करणारी यंत्रं त्यापुढे हात टेकत. टाइप करायला गेले तर जाड बोटाखाली चार अक्षरं एकदम यायची. व्हिडिओवर चित्र अडखळायचं आणि ओठ वाचता यायचे नाहीत. कानाचं यंत्र घेऊन दिलं, तर म्हणाले, कानात किडा वळवळतोय. मी फोन करायचे, ते "बरा हाय मी! ठेव!" असं ओरडायचे आणि खरंच ठेवायचे. ठेवल्यावर मी फोन हातात धरून बसायचे. मला आई आठवायची आणि दोघांचाही राग यायचा.

इचलकरंजीत उतरले ती थेट दस्तगीरमामांच्या कारखान्यावर गेले. दस्तगीर मुल्लाणी म्हणजे आप्पांचे मागावरचे जोडीदार, मला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरणारे. शेडचं दार उघडलं आणि तो जुना ओळखीचा खडखडाट अंगावर आला. आत कुणी कुणाशी आवाजाने बोलत नाही, बोलून उपयोगच नाही. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी अख्ख्या चेहऱ्याने बोलतो. ओठ पुरते उघडतात, पुरते मिटतात, जीभ दिसेल अशी फिरते. आमच्याकडची पोरं चालायला शिकतात तसं हे शिकतात. मीही शिकले होते.

आणि प्रत्येकाच्या हनुवटीखाली आमची टिकली होती! सुताच्या कांड्या भरणारी एक बाई मान खाली घालून घरच्या सासूला भाजीत मीठ किती घालायचं ते सांगत होती. मी तिच्या फोनमध्ये डोकावले. एक शब्द चुकलेला नव्हता. मी बाहेर येऊन मुबीनाताईंना फोन लावला आणि किंचाळलेच, "ताई, आपण चुकीच्या गावात दुकान मांडलं होतं!"

घरी आप्पा ओट्यापाशी चहा करत होते. त्यांच्याही हनुवटीखाली टिकली. दस्तगीरमामांनी घेऊन दिली होती म्हणे. दोघे म्हातारे दिवसभर या गल्लीतून त्या गल्लीत गप्पा छाटत होते.

"मग मला का नाही केला फोन?" मी ओठांनीच विचारलं.

"तुझ्याकडं असला फोन हाय व्हय?" आप्पा म्हणाले.

मी खिशातला फोन पाहिला. दुसऱ्याच कंपनीचा, चकचकीत. मौनी विकणारी मी, माझ्या खिशात मौनी नव्हता. आप्पा इतके हसले की चहा उतू गेला.

त्याच संध्याकाळी मी टिकली लावली. परत निघताना गाडी शिरोलीच्या पुढे गेली नसेल, तोच पडद्यावर अक्षरं उमटली: 'जेवायला थांब कुठंतरी. उपाशी जाऊ नको. आणि त्या ड्रायव्हरला सांग, हळू चालीव.' आप्पा मला एवढी लांब वाक्यं बोलले होते! आवाज बिघडला होता, ओठ शाबूत होते. मी पुण्यापर्यंत रडत आणि बोलत आले, आणि बोलताना एकदाही आवाज काढावा लागला नाही.

केंद्र मी बंद केलं नाही. मौनी बंद म्हणजे पुण्यातले संगणक बंद, आणि संगणक बंद म्हणजे आप्पा पुन्हा मुके. हे होऊ द्यायचं नव्हतं. मी वर्टींच्या डोक्याशी इतकी भुणभुण लावली, की शेवटी ते आणि मुबीनाताई प्रात्यक्षिक बघायला इचलकरंजीला आले.

विणकरांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. पुढे टेबलावर ध्वनिवर्धकाला जोडलेला एक मौनी. दोन कामगार बायकांनी झकास बोलून दाखवलं, टाळ्या पडल्या. मग वर्टी भाषणाला उभे राहिले आणि सवयीप्रमाणे येरझाऱ्या सुरू झाल्या. आप्पा पहिल्या रांगेत होते. परक्या माणसापुढे गळ्याला चिकटपट्टी लावून बसणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी टिकली काढून शर्टाच्या खिशात ठेवली होती. समोरच्या भिंतीला दस्तगीरमामा टेकून उभे. आमच्या गावच्या माणसांची एक खोड आहे. परक्यांत बसलं की आपलं बोलणं कुणाला कळत नाही असं धरून चालायचं आणि ओठांनी खुशाल टिंगल करायची. लग्नात, दवाखान्यात, अगदी मयतीलासुद्धा.

आप्पांचे ओठ हलले. आणि टेबलावरचा मौनी बातम्या देणाऱ्या बाईच्या स्वच्छ आवाजात बोलला:

"दस्तगीर, ह्यो कसा फिरतोय बघ. धोटा म्हणून मागावर लावला तर बिनपगारी तीन पाळ्या चालंल."

आणि हॉल हशाने फुटला. धोटा म्हणजे सूत घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारा तो लाकडी तुकडा. हे वर्टी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

वर्टी मात्र रागावले नव्हते. ते थांबले होते, आणि ते थांबलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

"यांच्या गळ्याला टिकली नाहीये," ते हळूच म्हणाले. "मग हे ऐकलं कुणी?"

मुबीनाताईंचा चेहरा उतरला. "रडारने," त्या म्हणाल्या. "शहरातले ओठ त्याला हातभर अंतरावरूनही वाचता येत नव्हते. यांचे... इतक्या लांबूनही वाचता येतात."

पंधरवड्यात वर्टींनी मागणी आणली. कापड निर्यात करणाऱ्या एका बड्या कंपनीला फोन नको होते. तिला फक्त रडार हवं होतं, कारखान्याच्या भिंतींवर बसवायला. कोण काय बोलतो, कोण युनियनचं नाव काढतो, कोण मुकादमाला नावं ठेवतो, सगळं कळलं पाहिजे. मागणी एवढी मोठी, की एका झटक्यात कंपनी तरली असती.

ही बातमी लपवण्यात अर्थ नव्हता. मी गावी जाऊन आप्पांना समोर बसून सांगितली.

 आप्पा म्हणाले, "मालकानं आमाला कायबी बोलावं. आमी खाली मान घालून ऐकायचं, आन् मान वळवली की ओठातल्या ओठात त्याची सालटी काढायची. तुझी आई आन् मी तिथंच पयलं बोललो. दोनशे माणसांत. कुणाला पत्ता न्हाई लागला." त्यांनी हनुवटीखालची टिकली सोलून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "आमच्याकडं तेवढंच आमचं हुतं, शरू. हे भिताडावर लागणार आसंल तर मला नगो ह्यो फोन."

"आप्पा, मग आपण कसं बोलायचं?"

"न्हाई बोलायचं," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

मी ती टिकली मुठीत धरून पुण्याला आले. वाटेत पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. तरी आप्पांचा राग येत नव्हता. राग आला होता तो वर्टींशी हातमिळवणी करायला निघालेल्या माझ्याच मनाचा. वर्टींना हो म्हणावं, आप्पांची पुढे समजूत काढावी, असंही त्या मनात येऊन गेलं होतं.

संचालकांच्या बैठकीत मी उभी राहिले. "रडार काढून टाका," मी म्हणाले. "फोनमधूनच काढा. नुसती टिकली ठेवा. टिकली ज्याच्या अंगाला, त्याचंच बोलणं कळेल. दुसऱ्याचं चोरायचं म्हटलं तरी चोरता येणार नाही."

"रडार काढलं तर पुण्यामुंबईत निम्मे शब्द चुकतील," एक संचालक म्हणाले.

"चुकू देत. पुणं, मुंबई, बंगळुरू, दिल्ली, सगळं सोडून देऊ."

वर्टी दारापाशी थबकले. "बाजार सोडून विकायचं कुठे?"

मी भिंतीवर नकाशा लावला. त्यावर राज्यांच्या सीमा नव्हत्या, भाषा नव्हत्या, लोकांची ऐपतही नव्हती. कुठे किती गोंगाट आहे, एवढंच रंगवलं होतं. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी लालभडक. सुरत, तिरुपूर, लुधियाना. कोल्हापूरच्या फाउंड्र्या, राजस्थानातल्या दगडाच्या खाणी, चितगावचा जहाजं तोडायचा किनारा. "ही सगळी माणसं आयुष्यभर आवाजाशिवाय बोलत आली आहेत," मी म्हणाले. "यांचे ओठ तयार आहेत. आपण यांना आजवर ग्राहक म्हणून मोजलंच नाही, कारण आपण लोकांची भाषा आणि ऐपत बघत होतो. यांना काही शिकवायचं नाही. यांचं बोलणं कुणी चोरून ऐकणार नाही, एवढा शब्द द्यायचा."

"आणि ती मागणी?"

उत्तर मुबीनाताईंनी दिलं. "रडार राहिलं तर मी राहणार नाही, वर्टीसाहेब. मी हे मुक्यांना बोलतं करायला बनवलं. बोलणाऱ्यांना मुकं करायला नाही."

वर्टींनी आणखी दोन येरझाऱ्या घातल्या. मला वाटलं, संपलं. पण माणूस फिरतो फार, तरी मनाने वाईट नव्हता. "दिवाळीपर्यंत," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत तुझा नकाशा चालला नाही, तर तूच कुलूप लावायचं."

नवा मौनी तयार झाला, पण तोवर इचलकरंजीत बभ्रा झाला होता. हा फोन मालकाचे कान आहे, असं जो तो म्हणत होता. टिकल्या कचऱ्यात गेल्या होत्या. जाहिरात करून पाहिली, कुणी ढुंकून बघेना. शेवटी दस्तगीरमामांनीच तोड काढली.

बाजाराच्या दिवशी मुख्य चौकात त्यांनी टेबल मांडलं. त्यावर नव्या फोनांची रास, प्रत्येकाला ध्वनिवर्धक जोडलेला. मामा खुर्चीवर चढले आणि फाटक्या आवाजात ओरडले, "ज्याला ज्याला वाटतंय ह्यो फोन ऐकतोय, त्यानं पुढं यावं आन् त्याला ओठांनी शिव्या द्याव्यात! बोलला तर मी गाव सोडतो!"

आधी कुणी पुढे येईना. मग एका कांडीवालीने पदर खोचला, टेबलासमोर उभी राहिली आणि ओठांनी असं काही बोलली की ओठ वाचता येणाऱ्या सगळ्यांनी कानांना हात लावले. फोन गप्प. दुसरी आली, तिसरा आला. बघता बघता अख्खा चौक त्या राशीसमोर तोंडं वेडीवाकडी करून दात-ओठ खात शिव्या घालू लागला. एक आवाज नाही, नुसते शेकडो ओठ. परगावचा एक पालेभाजीवाला घाबरून पाटी उचलून पळाला. आणि फोन ढिम्म! मी आजवर कुठल्या यंत्राला न चालल्याबद्दल इतकी दुवा दिली नव्हती.

गर्दीतून आप्पा पुढे आले. त्यांनी माझ्यासमोर हात पसरला. त्यांची टिकली मी पाकिटात जपून ठेवली होती, ती दिली. ती त्यांनी हनुवटीखाली दाबून बसवली, टेबलावरचा एक फोन उचलला आणि ओठ हलवले.

"ह्यो माझाच हाय," बातम्यांच्या बाईचा आवाज चौकभर घुमला. "आता कुणी घेतला तर बघा."

रास संध्याकाळच्या आत संपली. दिवाळीची वाट बघायची गरजच पडली नाही. मालेगावने मागवले, भिवंडीने मागवले, तिरुपूरहून दुकानदार स्वतः येऊन बसले. ज्या बँका आम्हाला दारात उभं करत नव्हत्या, त्या आता ॲप करू का म्हणून विचारू लागल्या. घशाच्या कर्करोगाने आवाज गेलेल्या रुग्णांसाठी डॉक्टरांनी फोन घेतले. ओठ कसे हलवायचे ते शिकवायला त्यांनी इचलकरंजीच्या बायका बोलावल्या, चांगल्या पगारावर. पुण्यातल्या कॉलेजांतली पोरंपोरी वर्गात मागच्या बाकावर बसून आमच्यासारखं बोलायला शिकली. एवढं झाल्यावर पुणं आपसूक आलं. त्याच्या मागे बंगळुरू आलं, दिल्ली मात्र अजून आवाज काढूनच बोलते. ती कापड कंपनी दुसरीकडे रडार करून घेऊ लागली, तेव्हा कामगारांनी कोर्टात धाव घेतली आणि ते जिंकले. कुणाचे ओठ त्याच्या परवानगीशिवाय यंत्राने वाचायचे नाहीत, असा निकाल लागला. त्या दिवशी मुबीनाताईंनी सगळ्या कचेरीला पेढे वाटले.

परवा वार्षिक सभा झाली. मोठा हॉल, हारतुरे, कॅमेरे. वर्टी भाषणाला उभे राहिले, आणि गोंगाटाचा नकाशा आपल्याला फार आधी सुचला होता, असं सांगू लागले. मी व्यासपीठावर त्यांच्या बाजूलाच बसले होते, शांत चेहरा करून. कानामागे लावलेल्या, फोनचं ऐकवणाऱ्या बारीक कळीतून आप्पांचे शब्द आले. ते इचलकरंजीत ओट्यापाशी उभे होते.

"तुझा त्यो धोटा आलाय का गं?"

"आलाय," मी पाण्याचा पेला तोंडाशी धरून ओठ हलवले.

"फिरतोय?"

मी पाहिलं. वर्टी व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकाकडे निघाले होते.

"फिरतोय, आप्पा. तिसरी पाळी चालू आहे."

कळीतून आप्पांचं हसणं आलं. यंत्राला हसण्याचे शब्द करता येत नाहीत, म्हणून ते तसंच्या तसं पाठवतं. फाटकं, घोगरं, त्यांचं स्वतःचं. मीही हसले. भरल्या हॉलसमोर, माईकच्या पुढ्यात बसून आम्ही बापलेकीने अध्यक्षांची सालटी काढली, आणि कुणाला पत्ता लागला नाही.